जास्त पिकणारं की भरवशाचं? सेंद्रिय सोयाबीनचं वाण आपणच पारखू या



मे महिना लागला की गावोगावी एकच बोलणं सुरू होतं, यंदा सोयाबीन कोणतं पेरायचं? कुणी सांगतं, पलीकडच्या गावात अमक्याला एकरी बारा क्विंटल झालं, तेच वाण आणा. मग सगळे त्याच पिशवीमागे धावतात. ते बारा क्विंटल कोणत्या साली झालं, काळ्या रानात की मुरमाड, किती खत टाकून आणि किती फवारण्या करून झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि पुढच्या साली त्याच वाणाचं किती झालं, हे तर कुणी सांगतही नाही.

ज्या बाया सेंद्रिय पद्धतीनं सोयाबीन करतात, किंवा करायचं म्हणतात, त्यांच्यासाठी आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. वाण भरवशाचं आहे हे कसं ओळखायचं, आणि आपल्याच रानात, आपल्याच वहीत त्याचा हिशोब कसा ठेवायचा, ते बघू.

सगळ्यात वाईट वर्ष विचारा

आधी भरवसा म्हणजे काय ते समजून घेऊ. समजा, दोन वाणं आहेत. पहिल्याचं चार वर्षांत एकरी ११, ३, १० आणि २ क्विंटल झालं. दुसऱ्याचं ७, ५, ७ आणि ५ क्विंटल. हे आकडे फक्त समजुतीसाठी घेतलेत. बेरीज केली तर पहिल्याचं चार वर्षांचं २६ क्विंटल, दुसऱ्याचं २४. म्हणजे सरासरी पहिल्याचीच जास्त, साडेसहा; दुसऱ्याची सहा.

आता यात घरचा हिशोब मिसळा. बी, मशागत, खुरपणी, काढणी, मळणी मिळून एकरी चार क्विंटल सोयाबीनच्या किमतीएवढा खर्च येतो असं धरा. पहिल्या वाणानं दोन वर्षं खर्चही काढला नाही. त्या दोन वर्षांत बचत गटाचा हप्ता थकला, उसनवारी झाली, कदाचित कानातलं गहाण पडलं. त्यावर जे व्याज गेलं, त्यात चार वर्षांतले ते दोन क्विंटल कुठल्या कुठे गेले. दुसऱ्या वाणानं एकाही वर्षी छप्पर फाडून दिलं नाही, पण एकाही वर्षी सावकाराच्या दारातही नेलं नाही.

म्हणून वाणाबद्दल विचारताना दोन प्रश्न जोडीनं विचारायचे. सरासरी किती? आणि सगळ्यात वाईट वर्षी किती? दुसरा प्रश्न विचारायची आपल्याकडे सवय नाही, ती लावून घ्यायला हवी. एक मात्र आहे. एखादं वाण दरवर्षी न चुकता तीनच क्विंटल देत असेल, तर तेही स्थिरच म्हणायचं, पण त्या स्थिरपणाचा काय उपयोग? आपल्याला पुरेसं पिकणारं आणि पडत्या काळात तग धरणारं वाण हवं.

पडता काळ आता दर दोन-तीन वर्षांनी येतोच आहे. २०१९ साली परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळला आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या शेंगांत कोंब फुटले. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. २०२३ चा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑगस्ट म्हणजे सोयाबीनच्या फुलांचे, शेंगा धरण्याचे दिवस. त्याच हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात पिवळा मोझॅकही पसरला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुन्हा पाण्यानं थैमान घातलं. एका वर्षी पाणी नाही, दुसऱ्या वर्षी पाणी थांबत नाही. यातल्या एकाच वर्षाच्या पिकावरून वाणाला चांगलं किंवा वाईट ठरवणं म्हणजे एका दिवसाच्या वागण्यावरून सुनेची पारख करण्यासारखं आहे.

सेंद्रिय रानात वाणांचा क्रम बदलतो

कृषी विद्यापीठं वाणाची चाचणी बऱ्याच ठिकाणी आणि बरीच वर्षं घेतात, ते काम मोलाचं आहे. पण बहुतेक चाचण्यांत शिफारशीचं रासायनिक खत असतं, तणनाशक असतं, किडीवर फवारणी असते. तिथं पहिला आलेला गडी आपल्या सेंद्रिय रानात पहिला येईलच असं नाही.

पहिलं कारण तण. सोयाबीनला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणाचा फार जाच होतो. तणनाशक नसलं की दोन कोळपण्या आणि एक-दोन खुरपण्या आल्या. खुरपं कुणाच्या हातात असतं, ते सांगायला नको. जे वाण भराभर वाढून पानांनी दोन तासांमधली जागा झाकतं, त्याच्या सावलीत तण दबतं आणि आपली एक खुरपणी वाचू शकते. दुकानदाराच्या पिशवीवर हा गुण लिहिलेला नसतो, पण आपल्या कंबरेला तो बरोबर कळतो.

दुसरं कारण नत्र. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पुरवतात. युरिया न देणाऱ्या रानात पिकाचा मोठा आधार या गाठींवर असतो. आपल्या मातीत कोणत्या वाणाला गाठी चांगल्या धरतात, हे आपणच बघायला हवं.

तिसरं कारण कीड आणि रोग. खोडमाशी, चक्रीभुंगा, पानं खाणाऱ्या अळ्या, पिवळा मोझॅक, आणि सांगली, सातारा, कोल्हापूरकडे तांबेरा. आपल्या हातात पाच टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, रोगट झाड उपटून नष्ट करणं एवढे उपाय आहेत. त्यामुळे मुळात सोसणारं वाण असेल तर सेंद्रिय रानात त्याचा जास्त उपयोग होतो.

कोणती वाणं चाचणीला घ्यावीत

आपल्याकडे पिढ्या बदलल्या तरी जेएस ३३५ काही घरांतून जात नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण १९९४ साली आलं. ते अजून टिकून आहे, पण पिवळ्या मोझॅकला ते बळी पडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ ही वाणं आहेत. राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रातून फुले संगम आणि फुले किमया आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस नावाची वाणं आहेत, अकोल्याचं पीडीकेव्ही अंबा आहे. जबलपूरचंच जेएस २०-३४ लवकर येणारं आहे.

आम्ही यातल्या कोणत्याही वाणाची जाहिरात करत नाही. नावं सांगितली ती एवढ्यासाठी, की चाचणीला घेताना वेगवेगळ्या मुदतीची वाणं घ्यावीत. जेएस २०-३४ साधारण ८७-८८ दिवसांत येतं, एमएयूएस १५८ आणि ६१२ साधारण ९३ ते ९८ दिवसांत, तर फुले संगमला शंभराच्या वर दिवस लागतात. हलक्या रानात पाऊस लवकर उघडला तर लवकर येणारं वाण हाती लागतं. भारी रानात, पाऊस लांबला तर उशिरा येणारं वाण शेंगा भरून घेतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आपल्या जिल्ह्याला कोणती वाणं शिफारशीत आहेत. त्यातली तीन निवडा, आणि चौथं आपण आज पेरतो तेच ठेवा. तुलनेला घरचं वाण असलंच पाहिजे, नाहीतर नवं चांगलं म्हणजे कशापेक्षा चांगलं?

बियाणं घेताना एक जपा. औषध लावलेलं रंगीत बी सेंद्रिय शेतीत चालत नाही, म्हणून बिगरप्रक्रियेचं बी मागा. रंगीत बी धुऊन घरात खायला तर कधीच वापरू नका.

सहा गुंठ्यांची चाचणी

चार वाणांची चाचणी करायला सहा गुंठे रान पुरतं आणि प्रत्येक वाणाचं एक किलो बी पुरतं.

प्रत्येक वाणाचा एक वाफा. दोन तासांत दीड फूट अंतर, अशी दहा तासं म्हणजे पंधरा फूट रुंदी. लांबी तेहतीस फूट. असे चार वाणांचे चार वाफे शेजारी शेजारी आले की एक संच झाला. असे तीन संच करायचे, एक रानाच्या वरच्या अंगाला, एक मधे, एक खालच्या अंगाला. एकच संच केला आणि एखादं वाण नेमकं उकिरड्याच्या जुन्या जागेवर पडलं, तर ते जोरात येणार आणि आपण फसणार. तीन ठिकाणी पेरलं की जमिनीचा असा पक्षपात बराचसा निघून जातो. प्रत्येक संचात कोणतं वाण कुठं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडीचं वाण चांगल्या जागी टाकायचा मोह कुणालाही होतो.

पेरणीआधी उगवण तपासा. प्रत्येक वाणाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो हे प्रमाण ठीक आहे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. चाचणीत हे फार महत्त्वाचं, कारण एका वाणाचं बी जुनं आणि दुसऱ्याचं ताजं असेल तर आपण वाण न पारखता फक्त बी पारखू.

मग सगळ्या वाणांना सारखंच रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन-चार सेंटिमीटर खोलीवर, चारही वाणं एकाच दिवशी. शेणखत सारखं, कोळपणी सारखी, निंबोळी अर्क सारखा. एकीचे लाड आणि दुसरीला सावत्रपणा नको.

वहीत काय लिहायचं

एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वाफ्याला एक पान. त्यात एवढं लिहा:

१. उगवण: पंधराव्या दिवशी तीन फूट तासात किती रोपं. साधारण अठरा असावीत. तीन ठिकाणी मोजा.

२. झाकण: कोणत्या दिवशी दोन तासांमधली माती दिसेनाशी झाली.

३. खुरपणी: वाफा खुरपायला किती बाया, किती वेळ. हे नक्की लिहा. एरवी बायांचे कष्ट कोणत्याच हिशोबात येत नाहीत.

४. गाठी: पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी कडेच्या तासातली पाच झाडं मुळासकट अलगद खणा. गाठी मोजा, चार-पाच कापून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नत्र देत नाही.

५. कीड-रोग: देठावर दोन गोल खापा आणि वरचं पान सुकलेलं, तर चक्रीभुंगा. खोड उभं चिरल्यावर आत लालसर नागमोडी पोखर, तर खोडमाशी. पानावर पिवळे-हिरवे पट्टे, तर पिवळा मोझॅक. शंभर झाडांत किती, ते मोजा. मोझॅकचं झाड मोजून झालं की उपटून टाका, कारण पांढरी माशी तो रोग पुढं नेते.

६. दिवस: पहिलं फूल कधी, काढणीला कधी आलं.

७. तडकणं: वाफा काढणीला आल्यावर कडेचं थोडं पीक आठ दिवस मुद्दाम उभं ठेवा. किती शेंगा तडकल्या बघा. मजूर वेळेवर मिळाले नाहीत किंवा पाऊस आडवा आला तर काय होईल, ते यावरून कळतं.

याच्या जोडीला पावसाची नोंद ठेवा. पर्जन्यमापक नसला तरी पाऊस कधी पडला, किती दिवस उघडीप होती, एवढं तरी लिहा. पुढं आकडे वाचताना या नोंदींचा फार उपयोग होतो.

वजन करताना

वाफ्याच्या दोन्ही बाजूंचं एकेक तास आणि दोन्ही टोकांची दीड-दीड फूट जागा वजनात धरू नका. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, शेजारच्या वाणाची सावलीही पडते. मधली आठ तासं, म्हणजे बारा फूट रुंद आणि तीस फूट लांब, एवढंच पीक वेगळं काढा, वेगळं बडवा, चिठ्ठी घालून वेगळ्या पिशवीत भरा. सगळ्या पिशव्या सारख्या वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. मग एकाच काट्यावर वजन करा.

ही जागा ३६० चौरस फूट भरते आणि एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणून वाफ्याच्या वजनाला १२१ नं गुणलं की एकरी किलो मिळतात. पाच किलो भरलं तर ६०५ किलो, म्हणजे एकरी सहा क्विंटल. तीन संचांतले तीन आकडे मिळवून तीननं भागा, की त्या वाणाचा त्या वर्षीचा आकडा आला.

आकडे कसे वाचायचे

हे निदान तीन वर्षं करायचं. एका वर्षाचा निकाल हा त्या वर्षाच्या पावसाचा निकाल असतो.

दरवर्षी आधी चारही वाणांची मिळून सरासरी काढा. ती जास्त असेल तर वर्ष बरं होतं, कमी असेल तर वाईट. मग प्रत्येक वाण त्या सरासरीच्या वर होतं की खाली, ते बघा. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन या शास्त्रज्ञांनी जवाच्या वाणांची पारख साधारण याच विचारानं केली होती. हिशोबाची त्यांची रीत मोठी होती, पण गाभा आपल्या वहीत मावतो.

यातून तीन तऱ्हेची वाणं दिसतील. एक, जे बऱ्या वर्षी सरासरीच्या खूप वर आणि वाईट वर्षी खूप खाली. हे पाण्याची सोय असलेल्या, भारी रानाच्या घराला परवडेल. दुसरं, जे वाईट वर्षी सरासरीच्या वर राहतं, बऱ्या वर्षी मात्र फार उडी मारत नाही. हलक्या, कोरडवाहू रानाला आणि हप्ते चालू असलेल्या घराला हे बरं. तिसरं, जे दोन्ही वर्षी थोडं वरच असतं. असं सापडलं तर जपून ठेवा.

मग वहीतली कारणं शोधा. वाईट वर्षी ते वाण का टिकलं? लवकर आलं म्हणून, गाठी चांगल्या होत्या म्हणून, की रोग कमी म्हणून? कारण कळलं की पुढचं वाण निवडणं सोपं जातं.

गटानं केलं तर

दहा जणी मिळून हे काम फार चांगलं होतं. आफ्रिकेतल्या मलावी देशात १९९० च्या दशकात चाचणीची एक रीत सुरू झाली, तिला आई-लेकरू चाचणी म्हणता येईल. एकीच्या रानात आम्ही सांगितली तशी तीन संचांची पुरी चाचणी, ती आई. बाकीच्या नऊ जणींच्या रानात दोन-तीन वाणांचा एकेक पट्टा, ती लेकरं. लेकरांच्या रानात सगळं मोजायची गरज नाही. तीन वाणं दिली, त्यात उत्तम कोणतं आणि सगळ्यात खाली कोणतं, एवढं जरी प्रत्येकीनं सांगितलं तरी मोठी माहिती जमते. गव्हाची वाणं पारखायला आपल्या देशातही शेतकऱ्यांनी अशी तीन-तीन वाणं पेरून क्रम लावले आहेत.

असं केलं की मुरमाड, मध्यम, काळं, चढाचं, उताराचं असं सगळं रान एकाच वर्षात तपासलं जातं. मात्र दहा रानांवर पाऊस एकाच वर्षाचा पडतो, त्यामुळे तीन वर्षांची गरज उरतेच.

बी घरात राहिलं पाहिजे

सोयाबीनचं वाण सरळ असतं, संकरित नव्हे. फुलात स्वतःचंच परागीकरण होतं, म्हणून घरचं बी पुढच्या साली तसंच उगवतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, एकमेकींत वाटायचा हक्क दिला आहे. फक्त कंपनीच्या नावाखाली ते विकता येत नाही.

मात्र सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. आपटलं की बाहेरून दिसत नाही, पण आतला कोंब मरतो. बियाण्याचं पीक मळणी यंत्राचा वेग कमी ठेवून काढा किंवा काठीनं हलकं बडवा. कडक उन्हात सिमेंटवर तापवू नका. पोती उंचावरून टाकू नका, फार थरही लावू नका, आणि भिंतीला टेकवू नका. टपोऱ्या दाण्याच्या वाणाची उगवणक्षमता सहसा लवकर घटते, म्हणून मे महिन्यात पुन्हा शंभर दाण्यांची परीक्षा घ्या. आणि तो आकडाही वहीत लिहा. घरात वर्षभर टिकून पुन्हा उगवणं, हाही भरवशाचाच भाग आहे.

शेवटी एक सुचवतो. कितीही चांगलं वाण सापडलं तरी सगळं रान त्याच्या एकट्याच्या हवाली करू नका. वेगवेगळ्या मुदतीची दोन वाणं अर्धी-अर्धी पेरा. मधे तूर घेत असाल तर ती चालूच ठेवा. लवकर येणाऱ्याला पावसानं गाठलं तर उशिराचं हाती लागेल, उशिराच्याला पाणी कमी पडलं तर लवकरचं घरात आलेलं असेल.

बी कोणतं आणायचं हे अजूनही बऱ्याच घरांत कारभारीच ठरवतात. तीन वर्षांची वही समोर ठेवली की त्या बोलण्यात आपल्याही शब्दाला वजन येतं. गटाच्या येत्या बैठकीत एवढंच ठरवा, की आईचं रान कुणाचं, लेकरं कुणाकुणाकडे, आणि वही कोण लिहिणार.